सोलारिस: न सुटणाऱ्या नाड्यांचा ड्रेस

'सोलारिस' नावाचा एक जुना रशियन पिक्चर आहे, १९७२ चा, आंद्रेई तारकोव्हस्कीचा. सायन्स फिक्शनच्या भारी पिक्चरची कुठलीही यादी बघा, हा त्यात असतोच, आणि ती यादी वाचून हौसेनं बघायला बसलेली कितीतरी माणसं पाऊण तासात उठून जातात, कारण पाऊण तास झाला तरी यान नाही, ग्रह नाही, नुसतं एक तळं, एक घर, पाऊस आणि गप्प बसलेली माणसं. मीही पहिल्यांदा तशीच उठले होते. पुढे कधीतरी ज्या कादंबरीवरून हा काढलाय ती वाचली, मग पिक्चर पुन्हा लावला, आणि तेव्हापासून तो काही माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून म्हटलं जे मला उशिरा कळलं ते नीट सांगून टाकावं, म्हणजे तुम्ही बघाल तेव्हा निदान कुठं नजर ठेवायची एवढं तरी माहीत असेल. शेवटसुद्धा सांगणार आहे, त्यामुळं ज्यांना तो आधी कळलेला चालत नाही त्यांनी आधी पिक्चर बघा आणि मग इकडे या.

गोष्ट म्हटली तर छोटी आहे. सोलारिस नावाचा एक ग्रह आहे, त्यावर जवळजवळ सगळीकडे समुद्रच आहे, आणि तो समुद्र म्हणजे पाणी नाही तर एकच एक अवाढव्य जिवंत काहीतरी आहे असं शास्त्रज्ञांचं मत झालंय. कितीतरी वर्षं माणसं त्याचा अभ्यास करतायत आणि हाताला काहीच लागलेलं नाही. ग्रहावर तरंगत्या स्टेशनवर आता तीनच माणसं उरलीत आणि तिथून येणारे रिपोर्ट विचित्र यायला लागलेत, म्हणून क्रिस केल्विन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला तिकडं पाठवतात, की बाबा जाऊन बघ आणि हे सगळं चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते सांग. तो पोचतो तर तिघांतला गिबारियन, जो त्याचा मित्र, त्यानं आत्महत्या केलेली असते, उरलेले स्नाउट आणि सार्टोरियस दोघंही काहीतरी लपवत असतात, आणि स्टेशनवर जी माणसं असायलाच नकोत अशी माणसं ओझरती दिसत असतात. केल्विन खोलीचं दार लावून झोपतो. जाग येते तर समोर त्याची बायको हारी, जी दहा वर्षांपूर्वी वारलेली आहे.

आता इथं एक बारीकशी गोष्ट घडते, आणि माझ्या मते अख्ख्या पिक्चरची किल्ली तिथंच आहे. हारीला ड्रेस काढायचा असतो, ती केल्विनला म्हणते जरा मदत कर, पाठीमागं नाड्या आहेत. केल्विन नाड्या सोडायला जातो आणि थबकतो. नाड्या आहेत, पण त्यांच्याखाली ड्रेस उघडतच नाही, कापड सलग आहे, म्हणजे हा ड्रेस कुणी अंगात घालूच शकणार नाही आणि काढूही शकणार नाही. शेवटी त्याला कात्री घेऊन तो कापावा लागतो. कुणी किंचाळत नाही, संगीत दणक्यात वाजत नाही, नुसता बानिओनिसचा, म्हणजे केल्विनचं काम करणाऱ्या नटाचा, चेहरा हळूच उतरतो.

असं का असेल बघा. समुद्रानं ही हारी बनवलीये ती केल्विनच्या डोक्यात जे होतं त्याच्यावरून, आणि केल्विनच्या डोक्यात त्या ड्रेसचा रंग आहे, त्याला पाठीवर नाड्या होत्या हे आहे, पण नाड्या नेमक्या कशा सुटायच्या हे त्यानं कधी लक्षात ठेवलेलंच नाही. आपल्या आठवणी अशाच असतात, माणूस गेला की त्याच्या शर्टाचा रंग आठवतो पण बटणं किती होती ते नाही आठवत. समुद्राला मात्र आठवण कुठली आणि खरी वस्तू कुठली यातला फरक माहीत नाही, त्यानं जसं मिळालं तसं करून दिलं. म्हणजे ही हारी जेवढी अपुरी आहे तेवढी ती केल्विनमुळं अपुरी आहे, त्यानं बायकोकडं जितकं लक्ष दिलं तितकीच ती परत आली. आणि जे त्याला पक्कं आठवतं ते मात्र अगदी तंतोतंत आलंय, दंडावरची इंजेक्शनची खूण, कारण खरी हारी गेली ती त्यानंच लॅबमधून आणून घरी ठेवलेलं औषध टोचून घेऊन, भांडणानंतर, तो तिला सोडून निघून गेल्यावर. ती खूण तो कशी विसरेल.

एवढं एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडायला लागतं. केल्विन घाबरून पहिल्या हारीला चक्क रॉकेटमध्ये बसवून उडवून देतो, तर रात्री दुसरी हजर. तो खोलीबाहेर गेला तर तिला क्षणभर एकटं राहवत नाही, दार कसं उघडायचं कळत नाही म्हणून ती धातूचं दार फाडून रक्तबंबाळ होऊन बाहेर येते आणि जखमा बघता बघता भरून येतात. पण हळूहळू ती शिकायला लागते. मी कोण, मी ती नाहीये ना, मग मी कशाला आहे, असले प्रश्न तिला पडतात, आणि केल्विनच्या आठवणीत जे कधी नव्हतंच असं काहीतरी तिच्यात तयार व्हायला लागतं. नताल्या बोंदार्चुकनं हे काम असं केलंय की सुरवातीची बाहुलीसारखी हारी आणि शेवटची हारी यांच्यामध्ये नेमकी कुठं ती माणूस झाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

आता कादंबरीकडं येऊ, कारण पिक्चर नीट कळायला मूळ लेखकाला काय म्हणायचं होतं ते माहीत पाहिजे. स्तानिस्वाव लेम हा पोलिश लेखक, १९२१ मध्ये ल्वूफला जन्मला, ते शहर तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव म्हणतात. 'सोलारिस' कादंबरी १९६१ ची. लेमला प्रेमकथा लिहायची नव्हती, त्याला प्रश्न पडला होता तो असा की परग्रहावर कुणीतरी भेटलंच आणि ते आपल्यासारखं अजिबातच नसलं तर? म्हणजे हिरव्या कातडीचा, दोन पायांवर चालणारा, राजा-सेनापती असलेला परग्रहवासी नाही, तर असं काहीतरी ज्याच्याशी बोलायचं कसं इथपासूनच आपलं डोकं चालेनासं होईल. त्याचा समुद्र यासाठीच आहे.

कादंबरीत हे फार सुंदर रचलंय. सोलारिसला दोन सूर्य आहेत, एक तांबडा आणि एक निळा. दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत अशा ग्रहाची कक्षा टिकायला नको असं गणित सांगत असतं, म्हणजे तो कधीतरी एका ताऱ्यात जाऊन पडायला पाहिजे. पण पडत नाही. मोजमापं घेतल्यावर कळतं की हा समुद्रच ग्रहाची कक्षा सांभाळतोय, सतत थोडी थोडी दुरुस्ती करत, आणि तिथून माणसांना वाटायला लागतं की हा नुसता चिखल नाही. (खऱ्या विश्वात दोन ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह असतात आणि ताऱ्यांपासून पुरेसे लांब असतील तर टिकतातही, केप्लर-१६बी हा असला ग्रह २०११ मध्ये जाहीर झाला, पण लेम लिहीत होता तेव्हा असा एकही ग्रह कुणी पाहिलेला नव्हता.) मग 'सोलारिस्टिक्स' नावाचं एक आख्खं शास्त्र उभं राहतं, ग्रंथालयंच्या ग्रंथालयं भरतात, समुद्रातून उठणाऱ्या प्रचंड आकारांना मिमॉइड, सिमेट्रियाड अशी नावं दिली जातात, वर्गीकरण होतं, पंथ पडतात, भांडणं होतात, आणि इतकं सगळं करून समुद्राला काय पाहिजे हे कुणालाच माहीत नसतं. लेम याची पानंच्या पानं लिहितो आणि काही वाचकांना ती कंटाळवाणी वाटतात, मला मात्र तोच कादंबरीचा सगळ्यात दुःखी भाग वाटतो. नावं देता आली म्हणजे कळलं असं नाही, हे इतकं सविस्तर दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी तरी वाचलं नाहीये.

स्टेशनवरचे ते 'पाहुणे', म्हणजे हारीसारखी समुद्रानं बनवलेली माणसं, कशाचे बनलेत यालाही लेमनं उत्तर दिलंय, ते अणूंचे नाहीत, न्यूट्रिनोंचे आहेत. न्यूट्रिनो म्हणजे असले कण की जे जवळजवळ कशालाच अडत नाहीत, आत्ता हे वाचताना तुमच्या अंगातून दर सेकंदाला अब्जावधी आरपार जातायत. अशा कणांची वस्तू बनेल कशी, तर एरवी बनणार नाही, सोलारिसचं बलक्षेत्र ती धरून ठेवतं म्हणून बनते. यात खरं विज्ञान थोडं आणि कल्पना जास्त आहे, पण कल्पना नेमकी निवडलीये, ज्या कणाला धरता येत नाही त्याच्यापासून गेलेलं माणूस बनवायचं.

तर ही कादंबरी तारकोव्हस्कीच्या हातात आली. तो तोवर 'इव्हान्स चाइल्डहुड' आणि 'आंद्रेई रुब्लेव्ह' करून बसलेला, त्याला यंत्रं, यानं, बटणं यात काडीचा रस नव्हता. १९६८ चा '२००१: अ स्पेस ओडिसी' त्याला थंड, निर्जीव वाटला होता. फ्रीड्रिख गोरेनश्टाइनबरोबर त्यानं पहिली स्क्रिप्ट लिहिली त्यात बराच मोठा भाग पृथ्वीवरच घडत होता आणि केल्विनला आणखी एक बायकोसुद्धा होती. लेम भडकला. मग तो मॉस्कोला गेला, दोघांची कित्येक दिवस वादावादी झाली, आणि लेम चिडून परत आला. पुढे आयुष्यभर तो म्हणत राहिला की यानं माझा 'सोलारिस' केलाच नाही, दस्तयेव्हस्कीचा 'गुन्हा आणि शिक्षा' केला. आणि खरं सांगायचं तर लेमची तक्रार चुकीची नाहीये. कादंबरीत विचारलंय, समुद्र काय आहे? पिक्चरमध्ये विचारलंय, समुद्रापुढं उभा राहिलेला तू कोण आहेस? लेमला मन बाहेर न्यायचं होतं, तारकोव्हस्कीनं ते ओढून आत आणलं, घराकडं, आईबापाकडं, केलेल्या चुकांकडं.

पण कादंबरीवरचा पिक्चर 'तंतोतंत' पाहिजे असं आपण जे म्हणतो ना, तिथं मला पुन्हा हारी आठवते. ती मूळ हारी नाही, तिच्या ड्रेसच्या नाड्या सुटत नाहीत, सार्टोरियस तिच्या तोंडावर सांगतो की तू नुसती नक्कल आहेस, आणि तरीही तिला दुखतं, ती विचार करते, ती स्वतःचा निर्णय स्वतः घेते. तारकोव्हस्कीचा पिक्चर लेमच्या कादंबरीपुढं तसाच आहे. एका माणसानं कादंबरी वाचली, त्याच्या मनात जे लागलं ते राहिलं, जे नाही लागलं ते गळलं, आणि त्यातून जे उभं राहिलं ते स्वतःच्या पायावर चालायला लागलं. म्हणून दोन्ही वाचा-बघा, आणि शक्य असेल तर आधी कादंबरी, कारण समुद्राबद्दलचं कोडं डोक्यात पक्कं बसलेलं असलं की पिक्चरमध्ये समुद्र फक्त खिडकीतून दिसला तरी त्याचं वजन जाणवतं.

आता तो संथपणा. सुरवातीलाच एका ओढ्यात पाण्याखाली हलणारं शेवाळ आणि गवत दिसतं, खूप वेळ. केल्विन उद्या पृथ्वी सोडणार असतो, बहुतेक बापाला पुन्हा जिवंत बघणार नसतो, आणि तो बागेत हिंडतो, पाऊस येतो तर तो पळत नाही, व्हरांड्यात तसाच भिजत उभा राहतो, टेबलावरच्या चहाच्या कपात पाऊस भरत असतो. कादंबरीत यातलं काही नाही, तिथं पहिल्या पानापासून केल्विन सोलारिसकडं निघालेलाच असतो. तारकोव्हस्कीनं हे सगळं नवीन घातलं, कारण पृथ्वी आधी तुमच्या अंगात मुरली नाही तर पुढं स्टेशनवर तिची आठवण कशी येणार?

आणि तो हायवेचा सीन, ज्याच्यावर सगळे वैतागतात. बर्टन नावाचा जुना वैमानिक केल्विनला भेटायला आलेला असतो, त्यानं म्हणे सोलारिसच्या समुद्रावर एक चार मीटर उंचीचं मूल पाहिलं होतं आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. केल्विनही ठेवत नाही, खटका उडतो, बर्टन निघून जातो आणि गाडीतून फोन करून सांगतो की ते मूल समुद्रात हरवलेल्या सहकाऱ्याच्या अनाथ मुलासारखं होतं, हुबेहूब. हे वाक्य हातचं जाऊ देऊ नका, समुद्र माणसाच्या मनातलं बाहेर काढतो ही पुढची सगळी भानगड इथंच सांगून टाकलीये. मग जवळजवळ पाच मिनिटं गाडी नुसती धावते, बोगदे, उड्डाणपूल, पुन्हा बोगदे, एक शब्द नाही. हे टोकियोतलं शूटिंग आहे, १९७१ चं टोकियो भविष्यातलं शहर म्हणून. गाड्यांचा आवाज हळूहळू यंत्राच्या गुरगुरण्यात बदलत जातो, दिवे वाढत जातात, डोकं भणभणायला लागतं, आणि अचानक कट, समोर ते घर, ते तळं, शांतता. त्या क्षणी तुम्हाला हायसं वाटतं ना, तेच त्याला हवं होतं, पाच मिनिटं तुम्हाला शहरात कोंडून ठेवल्याशिवाय ते वाटलं नसतं. गंमत म्हणजे पुढचा पृथ्वी ते सोलारिस हा अफाट प्रवास त्यानं बघता बघता उरकलाय, केल्विनचा चेहरा, काही तारे, की पोचला.

स्टेशनवर गेल्यावर एक गोष्ट माझ्या फार आवडीची आहे. स्नाउट केल्विनला सांगतो की व्हेंटिलेटरला कागदाच्या पट्ट्या बांध, रात्री पानं सळसळल्यासारखा आवाज येतो. ही युक्ती गिबारियनची. सार्टोरियस, जो सगळ्यात कडक, भावना वगैरे म्हटलं की तोंड वाकडं करणारा, तो याला हसला होता म्हणे, पण त्याच्याकडंही तसल्याच पट्ट्या आहेत, कपाटात लपवून ठेवलेल्या. एवढ्या दोन वाक्यांत तो माणूस कळतो. स्नाउटचं काम करणारा यूरी यार्वेत हा एस्टोनियन नट, कोझिंत्सेव्हच्या 'किंग लियर' पिक्चरमधला लियर हाच, त्याचा सुरकुतलेला चेहरा नुसता बघत बसावा असा आहे.

मग लायब्ररीचा सीन. अख्ख्या धातूच्या स्टेशनमध्ये ही एकच खोली लाकडाची, पुस्तकांची, मेणबत्त्यांची. भिंतीवर ब्रॉयगल या जुन्या चित्रकाराची चित्रं आहेत, त्यातलं १५६५ चं 'बर्फातले शिकारी' हारी एकटी बघत बसते. कॅमेरा चित्राच्या आत शिरल्यासारखा फिरतो, झाडं, कुत्री, गोठलेली तळी, आणि हळूहळू कुत्र्यांचं भुंकणं आणि घंटा ऐकू यायला लागतात. हारीनं त्याआधी केल्विनची घरची जुनी फिल्म बघितलेली असते, त्यातही बर्फ आहे, शेकोटी आहे, लहान मुलगा आहे. ज्या बाईला स्वतःचं बालपणच नाही ती दुसऱ्याच्या फिल्ममधून आणि चारशे वर्षं जुन्या चित्रातून बर्फ म्हणजे काय ते शिकतेय. तेवढ्यात स्टेशन कक्षा बदलत असल्यामुळं तीस सेकंद वजन नाहीसं होतं, पेटत्या मेणबत्त्यांचं स्टँड तरंगत जातं, झुंबर किणकिणतं, दोघं एकमेकांना धरून हवेत, आणि बाखचं ऑर्गनवरचं संगीत. अंतराळातल्या पिक्चरमध्ये वजनरहित अवस्था सगळेच दाखवतात, पण इथं ती फक्त तीस सेकंद मिळालेलं सुख म्हणून येते. आणि लगेच पुढं हारी द्रवरूप ऑक्सिजन पिऊन जमिनीवर गोठून पडलेली असते. मरायलाही जमत नाही तिला, आचके देत पुन्हा जिवंत होते, तो सीन बघवत नाही.

बाखखेरीज बाकीचं संगीत एदुआर्द आर्तेम्येवचं आहे, एएनएस नावाच्या एका अजब यंत्रावर केलेलं. त्यात काळा लेप दिलेल्या काचेवर रेघा खरवडायच्या, त्या रेघांतून प्रकाश जातो आणि त्याचा आवाज होतो. म्हणून समुद्राचा जो आवाज येतो तो संगीत आहे की यंत्र की लाटा ते ठरवताच येत नाही. समुद्र स्वतः दाखवायला ॲसिटोन, ॲल्युमिनियमची पूड आणि रंग वापरले होते, आणि तो आजही खोटा वाटत नाही, कॉम्प्युटरवर केलेले कितीतरी समुद्र मात्र एव्हाना जुने झाले.

बघताना एकच करा, एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. पावणेतीन तासांच्या आसपास आहे, आणि तो मुळातच दोन भागांत आहे, दोन संध्याकाळी बघितला तरी चालतो. २००२ मध्ये स्टीव्हन सोडरबर्गनं जॉर्ज क्लूनीला घेऊन परत केला, तो लांबीनं याच्या निम्म्याच्या जरा वर आहे, नीटनेटका आहे, पण त्यात नवरा-बायकोच उरलेत, आणि लेमनं तेव्हाही सांगितलं होतं की मी पुस्तकाचं नाव 'अंतराळातलं प्रेम' ठेवलेलं नाही.

आता शेवट. हारी स्वतःहून जाते, केल्विन झोपलेला असताना, सार्टोरियसनं बनवलेल्या यंत्रानं तिला नाहीसं केलं जातं. त्याआधी केल्विनच्या मेंदूच्या लहरी समुद्राकडं पाठवून झालेल्या असतात, आणि स्नाउट सांगतो की त्यानंतर पाहुणे यायचे थांबलेत, समुद्रावर बेटं तयार व्हायला लागलीत. मग पुढच्या शॉटमध्ये केल्विन पुन्हा बापाच्या घरी असतो. तेच तळं, पण पाणी गोठलेलं, काही हलत नाही. तो खिडकीतून आत बघतो, बाप पुस्तकं आवरत असतो, आणि घरात पाऊस पडत असतो. छपराखाली, आत, बापाच्या पाठीवर, गरम पाणी, त्यातून वाफ निघतेय, आणि बापाला त्याचं काहीच वाटत नाही.

पहिल्यांदा मला हे नुसतं स्वप्नासारखं वाटलं होतं. मग ड्रेस आठवला. केल्विनच्या आठवणीत घर आहे, बाप आहे आणि निघायच्या आधीचा पाऊस आहे, तिन्ही अगदी पक्के. पण पाऊस छपराच्या कुठल्या बाजूला पडतो हे समुद्राला कुणी सांगितलंय? त्यानं हारीच्या पाठीवर नाड्या लावल्या तसाच हा पाऊस आणून ठेवला. कॅमेरा वर वर जाईल, ढगांतून, आणि ते घर, ती झाडं, तो रस्ता म्हणजे समुद्रातलं एक एवढंसं बेट आहे हे आपल्याला दिसेल, पण केल्विनला ते त्याच्या आधीच, खिडकीपाशीच कळलेलं असणार, न सुटणाऱ्या नाड्या त्यानं स्वतःच्या हातानं कापल्यात. बाप दारात येतो. केल्विन पायरीवर गुडघे टेकतो आणि त्याला धरून ठेवतो, रेंब्रांटच्या चित्रात घर सोडून गेलेला मुलगा परत येऊन बापापुढं गुडघे टेकतो तसा.